गोठलेला माणूस आणि पॉलिसीतला रकाना

सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर गाय भरवायला डॉक्टर येतात, तेव्हा मोटरसायकलच्या मागे एक अ‍ॅल्युमिनियमचा डबा बांधलेला असतो. झाकण उचललं की पांढरा धूर उसळतो. त्या धुरातून डॉक्टर चिमट्याने एक बारीक रंगीत कांडी बाहेर काढतात. कांडीत असतं पाव मिलिलिटर वळूचं वीर्य, आणि डब्यात असतो उणे 196 अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन. आता जरा विचार करा. ज्या वळूचं हे वीर्य, तो कदाचित दहा वर्षांपूर्वीच मरून गेला असेल. तरी नऊ महिन्यांनी त्याचं वासरू तुमच्या गोठ्यात उड्या मारणार!

इकडच्या शेतकऱ्याला याचं काही वाटत नाही. तालुक्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्याच्या बाजूला उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली ‘बायफ’ उभी केली आणि गोठवलेल्या वीर्याची ही विद्या गावोगाव पोचवली. मेलेल्या वळूचं वासरू ही आता दूध डेअरीच्या पावतीइतकी साधी गोष्ट झाली आहे.

पण त्याच 1967 साली, 12 जानेवारीला, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही मंडळींनी यापुढची उडी घेतली. मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जेम्स बेडफर्ड कर्करोगाने वारले. वय 73. त्यांना ना पुरलं, ना जाळलं. त्यांचा अख्खा देह गोठवला. पुढेमागे विज्ञान इतकं पुढारेल की कर्करोग बरा करता येईल, गोठण्याने झालेली इजाही दुरुस्त करता येईल आणि माणूस पुन्हा उठून बसेल, अशी आशा. बेडफर्ड आजही गोठलेले आहेत. या खटाटोपाला क्रायोनिक्स म्हणतात.

‘वेडेपणा आहे झालं!’ असं म्हणून पान उलटू नका. कारण खरी गंमत पुढे आहे. माणूस गोठवणं हे यातलं अर्धंच कोडं. उरलेलं अर्धं असं: शंभर, दोनशे, कदाचित पाचशे वर्षं त्या टाकीत नायट्रोजन ओतत राहायचा, त्याचे पैसे कोण देणार? देणारा तर टाकीत! या प्रश्नाचं उत्तर कुठल्या प्रयोगशाळेत सापडलं नाही. ते सापडलं तुमच्या-आमच्या कपाटातल्या एका कागदात, आयुर्विम्याच्या पॉलिसीत.

आधी गोठवण्याचं बघू. पाणी गोठताना फुगतं आणि त्याचे टोकदार स्फटिक होतात. आपल्या पेशी पाण्याने भरलेल्या. बर्फाच्या त्या सुया पेशींची नासधूस करतात. मग वळूचं वीर्य कसं वाचतं? याचं उत्तर 1949 साली लंडनजवळ मिल हिलच्या संशोधन संस्थेत मिळालं, आणि तेही चुकीच्या चिठ्ठीमुळे! ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांचे सहकारी कोंबड्याचं वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवून बघत होते. यश येत नव्हतं. एके दिवशी एका बाटलीतल्या द्रावणाने कमाल केली, वितळवल्यावर शुक्रजंतू वळवळू लागले. बाटलीवर चिठ्ठी साखरेची. तपासलं तर आत निघालं ग्लिसरीन. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. ग्लिसरीन पेशीतल्या पाण्याला स्फटिक होऊ देत नाही. आज जगभरातल्या दूधधंद्याचा एक पाया त्या अदलाबदलीवर उभा आहे.

मग माणसाचा भ्रूण? कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी मानवी भ्रूण गोठवला, मग तो आईच्या गर्भाशयात रुजवला, आणि 3 ऑक्टोबर 1978 ला मुलगी जन्मली. हयातीत त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मान्यता मिळाली ती मरणानंतर. आणि 2022 साली अमेरिकेत ओरेगनमध्ये जुळी बाळं जन्मली, ज्यांचे भ्रूण 1992 पासून गोठलेले होते. तीस वर्षं! ती बाळं जन्माआधीच तिशीची होती म्हणायचं की काय?

पेशी झाल्या, भ्रूण झाला. अवयवाचं काय? 2023 साली मिनेसोटा विद्यापीठात उंदरांची मूत्रपिंडं शंभर दिवसांपर्यंत गोठवून ठेवली, पुन्हा ऊब दिली, दुसऱ्या उंदरांत बसवली, आणि ती चालू लागली. यात बर्फ होऊच देत नाहीत. रसायनं भरून इतक्या चपळाईने थंड करतात, की पाणी काचेसारखं घट्ट होतं. स्फटिक नाही, म्हणून सुया नाहीत.

अख्खा माणूस मात्र कुणी परत उठवलेला नाही. माणूसच काय, नायट्रोजनच्या थंडीत गोठवलेला उंदीरसुद्धा नाही. गोठवलेल्या मेंदूत त्या माणसाच्या आठवणी शाबूत राहतात का, हेही सिद्ध झालेलं नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञ या सगळ्याला दुरून नमस्कार करतात. तरीही अमेरिका, रशिया, युरोप, चीन आणि आता ऑस्ट्रेलियातही अशा संस्था आहेत, आणि त्यांच्या टाक्यांमध्ये शेकडो माणसं उलटी उभी आहेत. होय, उलटी! डोकं खाली, पाय वर. टाकीत नायट्रोजन कमी पडलाच तर वरचा भाग आधी वितळेल, म्हणजे पाय. मेंदू सर्वांत शेवटी. टाकीला वीज लागत नाही. 1892 साली जेम्स ड्यूअरने शोधलेल्या निर्वात भिंतीच्या बाटलीवरच, म्हणजे थर्मासच्याच तत्त्वावर, ती चालते. महिनाभर भारनियमन झालं तरी आतल्या माणसाला काही होणार नाही. फक्त उडून गेलेला नायट्रोजन अधूनमधून वरून भरत राहायचा.

भरत राहायचा. सगळी मेख इथे आहे.

सुरुवातीच्या काळात कल्पना साधी होती. नातेवाइकांनी दर महिन्याला खर्च द्यायचा. बाप गोठलाय, मुलगा देतोय. वर्ष गेलं, दोन गेली. मुलाची नोकरी गेली, सुनेने विचारलं, ‘अजून किती दिवस?’ मग हप्ता थांबला. लॉस एंजेलिसच्या चॅट्सवर्थ भागातल्या दफनभूमीत तळघर करून काही देह ठेवले होते. 1979 मध्ये उघडकीला आलं, की पैसे आटले, नायट्रोजन आटला आणि तिथले देह केव्हाच वितळून गेले होते. 1974 च्या आधी गोठवलेल्या सगळ्यांमध्ये आज एकटे बेडफर्ड शिल्लक आहेत, कारण त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं चिकाटी सोडली नाही.

यातून शहाणपण आलं ते असं: मेलेल्याचा खर्च जिवंतांच्या आठवणीवर सोपवायचा नाही. पैसे एकरकमी आणि आधीच यायला हवेत. ते गुंतवायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून नायट्रोजन आणायचा. मिशिगनमधली क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट ही 1976 सालची संस्था. ती संपूर्ण देहासाठी 28,000 डॉलर घेते. महागाई वजा जाता तीन टक्के व्याज सुटलं असं धरा, तर वर्षाला 840 डॉलर झाले. मोठ्या सामायिक टाकीतल्या एका माणसाच्या नायट्रोजनची सोय त्यात बसवायची. अ‍ॅरिझोनातली अल्कोर ही 1972 मध्ये स्थापन झालेली दुसरी संस्था. तिथे संपूर्ण देहाला दोन लाख डॉलरच्या वर लागतात. निम्म्याहून कमी पैशात नुसतं डोकंही ठेवून घेतात. नवं शरीर विज्ञान देईलच, असा त्यांचा हिशेब!

पण दोन लाख डॉलर साध्या शिक्षकाने, मेकॅनिकने आणायचे कुठून? इथे विमा पुढे येतो.

आयुर्विमा म्हणजे काय? एक भिशी. हजार जण दरवर्षी पैसे टाकतात. फरक इतकाच, की चिठ्ठी मृत्यू काढतो, आणि ज्याची निघेल त्याच्या घरच्यांना सगळी रक्कम मिळते. तिशीतल्या हजार विमाधारकांपैकी वर्षाला साधारण एक जण दगावतो, असं भारतीय विमा कंपन्यांचे मृत्यूचे तक्ते सांगतात. एक कोटीचं संरक्षण हवं असेल तर हजार जणांनी दहा-दहा हजार काढले की झालं. साठीत हाच आकडा हजारी दहाच्या वर जातो, म्हणून वाढत्या वयात हप्ता चढतो. कोण मरणार हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही; किती मरणार हे मात्र कारकुनाच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं! हा तक्ता रीतसर मांडणाऱ्या पहिल्या लोकांत होते एडमंड हॅली, धूमकेतूवाले. धूमकेतू परत कधी येईल हे ज्यांनी गणिताने सांगितलं, त्यांनीच 1693 मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून माणसं कोणत्या वयात किती उरतात याचा हिशेब मांडला.

म्हणजे बघा, विमा ही अशी एकच वस्तू आहे जी बरोबर त्या क्षणी लहानशा हप्त्याचं डोंगराएवढ्या रकमेत रूपांतर करते, ज्या क्षणी तिच्या मालकाला कमाई करणं कायमचं बंद होतं. क्रायोनिक्सवाल्यांना नेमकं हेच हवं होतं. म्हणून त्यांचे बहुतेक सभासद विम्यातून पैसे उभे करतात. तिशीतला धडधाकट अमेरिकन महिन्याला एखाद्या जेवणाच्या बिलाएवढा हप्ता भरतो आणि अमरत्वाच्या रांगेत नंबर लावतो.

आणि यातली विसंगती ऐका. डॉक्टरांनी मृत्यूचा दाखला दिल्याशिवाय गोठवायला हात लावता येत नाही. कायदा तसा आहे. तोच दाखला विमा कंपनीकडे जातो आणि पैसे सुटतात. कंपनीच्या दप्तरी माणूस मेला. संस्थेच्या दप्तरी मात्र त्याची नोंद ‘पेशंट’ अशी होते. एकच देह, एकच कागद. एका टेबलावर फाइल बंद, दुसऱ्या टेबलावर उपचार चालू!

आता जरा साताऱ्यात येऊ. कारण विमा ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही. 1870 मध्ये मुंबईत ‘बॉम्बे म्युच्युअल’ निघाली आणि तिने भारतीय माणसाचा विमा नेहमीच्या दराने उतरवायला सुरुवात केली. त्याआधी कंपन्या भारतीय माणसाकडून जादा हप्ता घेत. आपल्या जिवाचा भरवसा कमी म्हणून! 1874 मध्ये मुंबईतच ‘ओरिएंटल’ आली. आणि 1913 मध्ये, कोलकाता-मुंबई सोडून, थेट साताऱ्यासारख्या गावात अण्णासाहेब चिरमुले यांनी ‘वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी’ काढली. जिल्ह्याच्या गावी आयुर्विमा कंपनी! ज्या काळात विम्याचं नाव काढणं म्हणजे मरणाला आवतण असं घरोघर मानत, त्या काळात. याच अण्णासाहेबांनी पुढे 1936 मध्ये ‘युनायटेड वेस्टर्न बँक’ही साताऱ्यातच उभी केली.

मग 19 जानेवारी 1956 उजाडला. त्या दिवशी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख रेडिओवर बोलले: आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला आहे. देशी-विदेशी कंपन्या आणि भविष्य निर्वाह सोसायट्या मिळून 245 संस्था, साताऱ्याच्या वेस्टर्न इंडियासकट, एका झटक्यात एकत्र आल्या, आणि 1 सप्टेंबर 1956 ला आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपली एलआयसी, सुरू झाली. तिने ब्रीद घेतलं तेही गीतेच्या नवव्या अध्यायातलं, जिथे भगवंत भक्ताचा भार आपल्या शिरावर घेतो.

आता सगळ्यात नवलाचा भाग. तो असतो पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, एका छोट्या रकान्यात. मेल्यावर पैसे कुणाला?

आपण फॉर्म भरताना तिथे नॉमिनी म्हणून एक नाव टाकतो आणि विसरतो. बहुतेकांची समजूत अशी, की नॉमिनी म्हणजे मालक. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1983 मध्ये सरबतीदेवी खटल्यात स्वच्छ सांगितलं: नॉमिनी हा पैसे हातात घेणारा, पोचपावती देणारा. पैशाचे मालक कायदेशीर वारस. कंपनीला एक खिडकी हवी असते, जिच्यातून रक्कम दिली की तिची सुटका. खिडकी म्हणजे घर नव्हे.

मग 2015 मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्र अर्धं फिरलं. विमाधारकाने स्वतःच्या आयुष्याच्या पॉलिसीत आईवडील, नवरा किंवा बायको, अथवा मुलं यांना नॉमिनी केलं, तर आता ते त्या पैशाचे खरे हक्कदार ठरतात. भाऊ, पुतण्या, मित्र यांना केलं तर मात्र ते पूर्वीसारखेच खिडकीपुरते.

शेअर आणि म्युच्युअल फंडांचं काय? याचा निकाल लागला तो महाराष्ट्राच्या घराघरात भिंतीवर ज्यांचं नाव टांगलेलं असतं त्यांच्या प्रकरणात. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगांवकर 2013 साली गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेलं होतं, आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही नेमलेले होते. मग प्रश्न उभा राहिला: मृत्युपत्र मोठं की नॉमिनीचा रकाना? मुंबई उच्च न्यायालयातून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 14 डिसेंबर 2023 ला निकाल आला: नॉमिनी झाल्याने कुणी मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदा रकान्याहून वरचढ. म्हणजे आयुर्विम्याला एक नियम, शेअरला दुसरा. एकाच माणसाच्या एकाच कपाटात दोन कागद, आणि दोन्हींवरच्या त्याच रकान्याचा अर्थ वेगळा! आहे की नाही नवल?

आणखी एक अजब कायदा आहे, 1874 सालचा, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा. त्याचं सहावं कलम असं, की नवऱ्याने पॉलिसी बायको-मुलांच्या हितासाठी म्हणून घेतली, तर ती पहिल्या दिवसापासून आपोआप विश्वस्तनिधी बनते. मग नवरा कर्जात बुडाला तरी, पॉलिसी सावकारांना फसवायला काढलेली नसेल तर, सावकार, बँक, कुणीही त्या पैशाला हात लावू शकत नाही. नवऱ्यालाही ते परत फिरवता येत नाहीत. मात्र हे कलम आधी हिंदू, मुसलमान, शीख, जैन घरांना लागू नव्हतं. मद्रास सोडून बाकी देशात ते लागू झालं 1 एप्रिल 1923 पासूनच्या पॉलिसींना. कायदा झाला तेव्हा खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले हयात होत्या. तो त्यांच्या माहेरच्या बायकांपर्यंत पोचायला जवळपास पन्नास वर्षं लागली, आणि तोवर सावित्रीबाई जाऊनही पाव शतक उलटलं होतं.

आता कळेल, क्रायोनिक्सच्या संस्था या रकान्यासाठी इतक्या का जागरूक असतात. त्यांना नुसतं नॉमिनी होऊन चालत नाही. पॉलिसीची मालकीच आमच्या नावे करा, नाहीतर बदलता येणार नाही असं नाव घाला, असा त्यांचा आग्रह. कारण शेवटच्या दिवसांत घरचे म्हणणार, ‘आजोबांचं डोकं जागेवर नव्हतं, दोन लाख डॉलर बर्फात घालायचे?’ अमेरिकेत आयोवामध्ये असं झालं. एका वृद्धाने अल्कोरशी रीतसर करार केला, पैसे भरले. 2009 मध्ये तो वारला, तेव्हा भावंडांनी संस्थेला न कळवता त्याला पुरून टाकलं. संस्था कोर्टात गेली. 2010 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं: देह उकरून काढा आणि संस्थेच्या ताब्यात द्या. इतके महिने जमिनीत राहिलेल्या मेंदूत काय उरलं असेल, ते सांगायला नको. पण करार तो करार!

मग समजा, खंडाळ्याच्या एखाद्या हौशी माणसाने मनावर घेतलं, तर? बघू या पायरी-पायरीने.

पॉलिसी काढली. परदेशी संस्थेला नुसतं नॉमिनी केलं तर ती खिडकीच. वारस दावा लावणार. मग विमा कायद्याच्या 38 व्या कलमाखाली पॉलिसीच त्या संस्थेच्या नावे करायची, ज्याला बोलीत असाइनमेंट म्हणतात. घरकर्जासाठी बँक पॉलिसी आपल्या नावे करून घेते, तेच. फक्त, कर्जापोटी नव्हे तर अशी कायमची नावे केली की आधीचा नॉमिनी आपोआप रद्द होतो. पण हे हस्तांतरण विमाधारकाच्या किंवा जनतेच्या हिताचं नाही असं मानायला पुरेसं कारण असेल, तर विमा कंपनी ते नाकारू शकते. पहिला अडसर.

दुसरा अडसर रुपयाचा. हयात माणसाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात, म्हणजे अल्कोरचं बिल बसतंय! पण पॉलिसी रुपयात, बिल डॉलरमध्ये. बेडफर्ड गोठले त्या वर्षी डॉलरला साडेसात रुपये पडत. आज ऐंशीच्या पुढे. तेव्हा कुणी त्या वेळच्या भावाने नेमका हिशेब करून रुपयात विमा उतरवला असता, तर आता दहावा हिस्साही हाती आला नसता. आणि हे दुखणं अमेरिकेतही आहे. तरुणपणी काढलेली पॉलिसी म्हातारपणी तोकडी पडते, कारण दरम्यान संस्थेने दर वाढवलेले असतात.

तिसरा अडसर वेळेचा. हृदय थांबल्यावर काही मिनिटांत मेंदूच्या पेशींची हानी सुरू होते; देह बर्फात घालून, रक्त काढून रसायन भरायचं काम तासांच्या हिशेबाने करावं लागतं. खंडाळ्याहून पुण्याचं विमानतळ गाठेपर्यंतच निम्मी बाजी गेली. वर विमानाने मृतदेह न्यायचा तर एम्बामिंगचा दाखला लागतो, आणि ती रसायनं वेगळी. एकूण, मनुष्य पोचेपर्यंत गोठवण्यासारखं फारसं राहत नाही.

आणि चौथा अडसर तर मजेशीरच. समजा तो खरंच परत आला, तर खिशात काय? मेलेल्या माणसाच्या नावे आपल्या कायद्यात मालमत्ता राहू शकत नाही. खाजगी विश्वस्तनिधी करून ठेवावा तर तोही अनंत काळ चालत नाही. हयात असलेल्या कुणाचं आयुष्य आणि त्यापुढे फार तर अठरा वर्षं, एवढ्यात मालमत्ता कुणाच्या तरी मालकीची व्हावी लागते. अमेरिकेत साउथ डकोटासारख्या राज्यांनी ही मर्यादाच उठवली. तिथे आपल्याच पुनर्जन्मासाठी निधी ठेवणारी माणसं आहेत. आपल्याकडे न मरता मालक राहण्याची सवलत आहे ती देवाला. मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानलं आहे. सातबाऱ्यावर देवाच्या नावे लागलेली जमीन शतकानुशतकं तशीच राहते. माणसाला ती सोय नाही.

परत येणाऱ्या माणसाला ओळखायचं कसं, हा प्रश्न तर मराठी इतिहासाला नवाच नाही. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. 1783 मध्ये मरेपर्यंत त्या सवाष्णीसारख्याच राहिल्या. मधल्या काळात ‘मीच भाऊसाहेब’ म्हणत एक तोतया उभा राहिला, त्याने फौज जमवली, किल्ले घेतले, आणि अखेर 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. एकाच्या परत येण्याने अख्खं पेशवाईचं दप्तर हादरलं. दोनशे वर्षांनी उठलेला माणूस वारसांच्या दारात उभा राहिला तर तलाठी काय करेल?

मग या सगळ्याचं तात्पर्य काय? गोठवून परत उठण्याची शक्यता आजच्या ज्ञानाप्रमाणे नगण्य आहे. त्यासाठी घरच्यांच्या तोंडचे पैसे बर्फात घालू नका, असंच मी सांगेन. पण क्रायोनिक्सवाल्यांकडून एक गोष्ट जरूर घ्या. मरणानंतर आपल्या पैशाचं काय होणार, हा प्रश्न त्यांच्याइतक्या बारकाईने जगात फार थोडे लोक विचारतात. त्यांचं विज्ञान कच्चं असेल, कागद पक्का असतो. आपलं नेमकं उलटं. विमा ही शतकांच्या अनुभवाने सिद्ध झालेली गोष्ट आपल्या कपाटात आहे, आणि तिच्यातला रकाना आपण लग्नाआधी भरलेला तसाच ठेवतो.

म्हणून हे वाचून झाल्यावर उठा आणि पॉलिसी काढा. नॉमिनी कोण आहे ते बघा. वारलेल्या वडलांचं नाव अजून तिथेच आहे का? नॉमिनी अज्ञान मुलगा असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारी व्यक्ती नेमली आहे का? कर्ज फिटल्यावर बँकेच्या नावे केलेली पॉलिसी परत आपल्या नावे करून घेतली का? मृत्युपत्रात एक आणि रकान्यात दुसरंच, असं तर नाही? धंद्यात कर्जाची जोखीम असेल तर पुढची पॉलिसी घेतानाच 1874 च्या कायद्याखाली घ्या. ते नंतर करता येत नाही. नाव बदलायला एक साधा फॉर्म लागतो, आणि तो भरायला माणूस जिवंत असावा लागतो.